विमानतळावरची पहिली खिडकी

प्रश्न : मी निपाणीची निवृत्त शिक्षिका आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझे यजमान मुलाकडे जर्मनीत, म्युनिकला, अडीच महिन्यांसाठी जात आहोत. आमचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे. मुलगा म्हणतो, इथे उतरल्यावर एटीएममधून पैसे काढा. शेजारी दुबईला नोकरी करून आलेले एक गृहस्थ आहेत, ते म्हणतात डॉलर न्या, डॉलर कुठेही चालतो. धाकटे दीर म्हणतात, एवढी यातायात कशाला, मुंबईच्या विमानतळावर काउंटर आहेत, तिथे नोटा बदलून घ्या. आमचे पैसे इथल्या सोसायटीत आणि थोडे एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. मुलापुढे रोज हात पसरणे यजमानांना मानवणार नाही. शिवाय दिवंगत थोरले दीर पूर्वी कामानिमित्त जर्मनीत होते, त्यांच्या पेटीत जर्मनीच्या जुन्या चलनातल्या, २६० मार्कच्या नोटा सापडल्या आहेत. त्यांचे काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्याला तिघांनी तीन सल्ले दिले आहेत आणि तिघेही आपापल्या अनुभवाने बोलत आहेत, त्यामुळे त्यांतला एकही सल्ला वेडगळ नाही. मात्र आपल्या प्रवासाला त्यांतला एकच, तोही दोन अटींसह, लागू पडतो. मुलाचे म्हणणे बरोबर आहे. लागणारे बहुतेक पैसे म्युनिकला पोहोचल्यावर तेथील बँकेच्या एटीएममधून काढावेत. पहिली अट अशी, की सुरुवातीच्या काही दिवसांपुरते युरो निपाणी सोडण्यापूर्वीच आपल्या हातात असावेत. दुसरी अट अशी, की जे कार्ड तेथे वापरायचे ते परदेशात चालते की नाही याची खातरजमा येथे बसूनच करून घ्यावी. चलन बदलून देणारी विमानतळावरची खिडकी, मग ती मुंबईची असो वा म्युनिकची, आपण लांबूनच पाहिलेली बरी.

ती खिडकी महाग का पडते हे एकदा समजले की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात. विमानतळावरच्या जागेचे भाडे मोठे असते आणि ते दरातूनच वसूल होते, हे एक कारण आहे. पण खरे कारण असे, की तेथे येणारे गिऱ्हाईक अडलेले असते. निपाणीहून रात्रभर बसमधून मुंबईला पोहोचलेला, दिवसभर सामान सांभाळत बसलेला आणि मध्यरात्रीच्या विमानासाठी रांगेत उभा असलेला माणूस दुसरीकडे दर विचारायला जाणार नाही, हे खिडकीमागच्या माणसाला पुरते ठाऊक असते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी गत होते. आपल्या भागातल्या प्रवाशाची अडचण तर दुहेरी आहे, कारण बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून परदेशी जाणारे विमान नाही, त्यामुळे मुंबई, गोवा किंवा बेंगळूरू गाठेपर्यंतच आपला निम्मा जीव थकलेला असतो आणि पैशाचे काम नेमके त्या थकव्याच्या वेळेवर येऊन पडते.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बावीस वर्षे काढली आहेत, आणि तरीही माझ्या पहिल्या परदेश प्रवासात मी हीच चूक केली, हे येथे कबूल केलेले बरे. रात्री साडेअकराला उतरलो, समोर ‘कमिशन नाही’ अशी पाटी दिसली आणि जवळचे सगळे डॉलर एकदम बदलून टाकले. शहरात जाणाऱ्या बसमध्ये पावतीच्या मागे आकडेमोड केली तेव्हा लक्षात आले, की शंभरातले अकरा त्या खिडकीतच राहिले होते. पाटी खोटी नव्हती. कमिशन खरोखरच घेतले नव्हते. सगळे दरातच मुरवले होते.

दरफलकावर दोन रकाने असतात, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा, आणि ते दोन्ही दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. आपण युरो घेतो तेव्हा तो विकतो, म्हणून आपल्याला लागू होणारा दर विक्रीच्या रकान्यातला, म्हणजे दोहोंतला चढा. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो शंभर रुपयांना आहे असे समजू. प्रत्यक्ष दर आपण त्या दिवशी पाहालच. हा शंभराचा दर मोबाइलवर आणि वर्तमानपत्रात दिसतो, पण नोटांच्या रूपात तो आपल्याला कोणीच देत नाही, कारण नोटा आणण्याचा, सांभाळण्याचा आणि त्यांच्या विम्याचा खर्च विक्रेता त्यातच मिसळतो. समजा कोल्हापुरातल्या किंवा बेळगावातल्या परवानाधारक विक्रेत्याने १०२ रुपयांनी युरो दिला आणि विमानतळावरच्याने १०८ रुपयांनी, तर ३०० युरोंना एकीकडे ३०,६०० आणि दुसरीकडे ३२,४०० रुपये पडतील. दर, कमिशन, सेवाशुल्क, कर या सगळ्या शब्दांच्या जंजाळात न शिरता आपण प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : ‘तीनशे युरो माझ्या हातात पडण्यासाठी मला एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ या प्रश्नाला एकाच आकड्यात उत्तर द्यावे लागते आणि मग दोन दुकानांची तुलना शाळेतल्या मुलालाही जमते. धाकट्या दिरांच्या सल्ल्यात एवढे मात्र तथ्य आहे, की काही विक्रेते विमानतळावरच्या त्याच खिडकीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी घेतात आणि तो दर बराच बरा असतो. काही कारणाने गावी काम झालेच नाही, तर तो मार्ग धरावा, आयत्या वेळी जाऊन उभे राहू नये.

आता शेजारच्या गृहस्थांच्या डॉलरविषयी. त्यांचा अनुभव खोटा नाही. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर तेव्हापासून बदललेला नाही. सौदी, ओमान, बहारीन, कतार यांची चलनेही अशीच डॉलरच्या खुंटीला बांधलेली आहेत. त्यामुळे आखातात डॉलर घेऊन जाणाऱ्याला बदलताना फारसा फटका बसत नाही, आणि निपाणी-चिकोडी भागातून आखातात गेलेल्या दोन पिढ्यांनी हाच धडा घरोघरी पोहोचवला आहे. युरो मात्र डॉलरला बांधलेला नाही. आपण येथे रुपयाचे डॉलर केले आणि तेथे डॉलरचे युरो केले, तर एकाच पैशावर दोनदा कात्री चालेल, आणि दुसरी कात्री बहुधा विमानतळावरच्या त्याच महागड्या खिडकीत चालेल. जर्मनीला जायचे तर येथूनच युरो घ्यावेत.

काही जण रुपयेच सोबत नेतात आणि तिकडे बदलू म्हणतात, तेही करू नये. भारतातून बाहेर जाताना माणशी २५,००० रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा नेता येतात; परतल्यावर मुंबईत टॅक्सीला आणि निपाणीच्या बसला लागतील म्हणून दोन-तीन हजार जरूर ठेवावेत. पण युरोपातल्या खिडकीवर रुपया हे क्वचित विचारले जाणारे चलन आहे आणि त्याला मिळणारा दर पाहून आपला जीव हळहळेल.

गावी युरो घेण्याची तयारी कशी करायची, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात अडते ते याच ठिकाणी. निपाणीतल्या बँकेच्या शाखेत युरोच्या नोटा तयार मिळण्याची शक्यता कमी आहे. छोट्या शाखा परकीय नोटा ठेवत नाहीत, त्या मोठ्या शाखेकडून मागवाव्या लागतात. म्हणून प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी चौकशीला लागावे. आपल्याला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, तेव्हा दोन्हीकडे फोन करून तो एकच प्रश्न विचारावा आणि जिथे आकडा कमी येईल तिथे जावे. विक्रेता रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलाच असावा. परवान्याची प्रत दुकानात दर्शनी भागात लावलेली असते. ‘ओळखीचा माणूस आहे, पावतीशिवाय स्वस्तात देतो’ असे कोणी सुचवले तर तेथून निघून यावे, कारण असा व्यवहार बेकायदेशीर ठरतोच, शिवाय खोटी नोट हातात आली तर तक्रार करायला तोंड उरत नाही.

जाताना दोघांचे पासपोर्ट, व्हिसा, विमानाची तिकिटे आणि पॅन कार्ड न्यावे. तेथे ए-२ नावाचा एक अर्ज भरून सही करावी लागते. ५०,००० रुपयांपर्यंतची खरेदी रोखीने करता येते, त्यापुढे धनादेश किंवा खात्यातून रक्कम वळती करावी लागते. एका प्रवासासाठी माणशी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा घेता येतात. आपल्याला त्याच्या दशांशाहून थोडेच अधिक लागणार आहे, त्यामुळे या मर्यादेची काळजी नको. घेतलेले चलन ठरावीक मुदतीत वापरायचे असते, म्हणून फार आधीही घेऊन ठेवू नये. चलन विनिमयावर जीएसटी असतो, पण तो संपूर्ण रकमेवर नसून तिच्या एका लहानशा हिश्शावर असतो. तीस हजार रुपयांच्या खरेदीवर तो पन्नास-पंचावन्न रुपयांच्या घरात जातो. परदेशी पाठवलेल्या पैशावर आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराविषयी, म्हणजे टीसीएसविषयी, आपण कुठे वाचले असेल, तर एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, एवढे लक्षात ठेवावे म्हणजे कोणी त्या नावाखाली जादा मागितले तर विचारता येईल.

सुट्ट्यांचे तेवढे पाहावे. दुसरा आणि चौथा शनिवार आपण जाणताच. १ नोव्हेंबरला राज्योत्सवामुळे कर्नाटकातल्या बँका बंद असतात, आणि तो दिवस आपल्या भागात काळा दिवस म्हणून कसा जातो हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. त्या दिवशी बेळगावची खेप ठरवू नये. पुढे दिवाळी आहेच. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हे काम उरकून टाकावे, असे मला वाटते.

दोघांत मिळून ३०० ते ३५० युरो रोख पुरेसे आहेत, कारण आपण मुलाच्या घरी राहणार आहात. विक्रेता बहुधा शंभराच्या किंवा पन्नासाच्या नोटा पुढे करील. त्या सगळ्या घेऊ नयेत. पाच, दहा आणि वीसच्या नोटा आग्रहाने मागून घ्याव्यात, मागणी नोंदवतानाच तसे सांगावे. उतरल्याबरोबर पाण्याची बाटली घ्यायला शंभराची नोट पुढे केली तर जर्मनीतला दुकानदारही कपाळाला आठी घालतो. आपल्याकडे बसचा कंडक्टर सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि उतरताना मागून घ्या म्हणतो. तेथे ती सोय नाही.

आणि रोकड तेथे खरोखरच लागते. परदेशात सगळे कार्डावर चालते असा आपल्याकडे समज आहे, पण जर्मनी याबाबतीत युरोपातल्या अनेक देशांहून जुन्या वळणाची आहे. लहान बेकऱ्या, आठवडी बाजारातले भाजीवाले, काही खाणावळी अजूनही फक्त रोख घेतात. दारावर ‘नूर बारत्सालुंग’ अशा अर्थाची पाटी दिसली की समजावे, येथे फक्त रोखीचा व्यवहार. रेल्वे स्थानकांवरची आणि महामार्गावरची स्वच्छतागृहे बहुतेक ठिकाणी पैसे घेऊनच उघडतात आणि आपल्या वयाच्या माणसांना ही बाब क्षुल्लक नसते. दुकानातली सामानाची ढकलगाडी अनेक ठिकाणी एकमेकींना साखळीने अडकवलेली असते, फटीत पन्नास सेंटचे, एक किंवा दोन युरोचे नाणे घातले की सुटते आणि गाडी परत लावली की नाणे परत मिळते. मुलाकडे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी वीस युरोची नोट देऊन काही खरेदी करावी आणि आलेली नाणी एका लहान बटव्यात वेगळी ठेवावीत. यजमानांना सकाळी एकट्याने जाऊन पाव आणायचा असेल, तर तो बटवाच उपयोगी पडेल.

आता कार्ड. आपले बरेच पैसे सोसायटीत आहेत, असे आपण लिहिले आहे. आपल्या भागात घामाची कमाई पतसंस्थेत आणि सहकारी सोसायटीत ठेवण्याची रीत आहे आणि तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण सोसायटी परकीय चलन विकू शकत नाही, आणि तिच्याकडचे किंवा एखाद्या लहान सहकारी बँकेचे कार्ड असलेच तर ते बहुधा देशातच चालणारे असते. म्हणून लागेल तेवढी रक्कम आधी राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात वळवून घ्यावी. मुदत ठेव मोडायची असेल तर तिलाही वेळ लागतो, हे गृहीत धरावे.

त्या बँकेचे कार्ड हातात घेऊन पाहावे. त्यावर आंतरराष्ट्रीय वापराची खूण आहे का, आणि संपण्याची तारीख आपल्या परतीनंतरची आहे का, हे आधी बघावे. कार्ड परदेशात चालणारे असले तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार परदेशातील वापर आरंभी बंद ठेवलेला असतो आणि तो ग्राहकाला स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये, एटीएमवर किंवा शाखेत जाऊन हे करता येते. तेथेच परदेशातील रोजच्या रकमेची मर्यादाही ठरवता येते. ती फार मोठी ठेवू नये. हे सगळे निपाणीत असतानाच करावे, कारण ॲपमध्ये बदल करताना मोबाइलवर ओटीपी येतो आणि आपल्या सिमवर रोमिंग सुरू नसेल तर म्युनिकमध्ये तो ओटीपी येणार नाही. किती जण याच एका गोष्टीवर अडकतात! सिम बंद करून ठेवू नये, त्यावर रोमिंग तेवढे सुरू करून घ्यावे. कार्ड हरवले तर बंद करण्यासाठी बँकेचा परदेशातून लावता येणारा क्रमांक कागदावर लिहून तो कार्डापासून वेगळा ठेवावा.

यजमानांच्या स्वाभिमानाचा प्रश्न आपण एका वाक्यात लिहून सोडून दिला आहे, पण मला वाटते पत्रातले खरे वाक्य तेच आहे. त्याचा उपाय असा, की दोघांच्या नावाने दोन वेगळी कार्डे असावीत आणि दोघांनाही आपापला पिन पाठ असावा. संयुक्त खाते असेल तर बँक दोघांना कार्ड देते. एक कार्ड मशीनमध्ये अडकले किंवा हरवले तर दुसरे हाताशी राहते, हा व्यावहारिक फायदा आहेच. शिवाय नातवाला काही घेऊन द्यावेसे वाटले, तर आजोबांना कोणाकडे पाहावे लागत नाही.

बँकेत फॉरेक्स कार्डही मिळते. त्यात येथूनच युरो भरून ठेवता येतात, दर त्या दिवशीचा कायम होतो आणि ते आपल्या बचत खात्याशी जोडलेले नसल्याने चोरी झाली तरी नुकसान कार्डातल्या रकमेपुरतेच राहते. अडीच महिन्यांच्या मुक्कामाला मी ते सुचवीन, मात्र त्यात युरोच भरून घ्यावेत. काउंटरवरचा तरुण सवयीने डॉलर भरून देतो, आणि डॉलरच्या कार्डावर युरो खर्च केले की प्रत्येक व्यवहाराला वेगळे बदल-शुल्क लागते, म्हणजे शेजाऱ्यांच्या डॉलरची गोष्ट पुन्हा सुरू होते. यूपीआयच्या भरवशावर मात्र जाऊ नये. काही देशांतल्या काही दुकानांत ते चालू लागले आहे, पण जर्मनीत आपल्या गल्लीतल्या बेकरीसाठी त्याचा उपयोग नाही.

म्युनिकला उतरल्यावर घाई करू नये. सामान घ्यायच्या जागी आणि बाहेर पडताना चलन बदलाच्या खिडक्या दिसतील. पर्समध्ये येथून नेलेले युरो आहेत, त्यामुळे पुढे चालत राहावे. एटीएमला जर्मन भाषेत ‘गेल्डआउटोमाट’ म्हणतात. ते चालवणारे दोन प्रकारचे असतात : एक नेहमीच्या बँकांचे, आणि दुसरे पर्यटकांच्या वाटेवर उभे केलेले खाजगी कंपन्यांचे किंवा चलन बदलणाऱ्या दुकानांचे. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांवर शुल्क आणि दर दोन्ही चढे असतात. खरे सांगायचे तर विमानतळावर एटीएम शोधण्याची आपल्याला गरजच नाही. दोन दिवस विश्रांती घेऊन, मुलाबरोबर त्याच्या घराजवळच्या बँकेच्या शाखेतल्या यंत्रावर, दिवसाउजेडी, शाखा उघडी असताना जावे; कार्ड अडकले तर आत माणूस असतो.

त्या यंत्रावर काय दिसते, ते पाहा. कार्ड घातल्यावर आधी भाषा विचारली जाते. आपण सीमाभागातली माणसे. एटीएमने कन्नड, हिंदी, इंग्रजी असे पर्याय पुढे केले की मराठी कुठे आहे हे शोधून मग निमूटपणे यांतले एक बटण दाबायची आपल्याला जन्माची सवय आहे. तेथे इंग्रजी निवडावे. मग पिन, मग रक्कम. त्यानंतर कधीकधी एक जादाचे पान येते आणि सगळा पैसा त्या पानावर जातो. त्यावर आपली रक्कम रुपयांत लिहिलेली असते, ‘या दराची हमी’ असे काही आश्वासक शब्द असतात आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ किंवा ‘विथ कन्व्हर्जन’ असे ठळक बटण असते. रुपये पाहून आपल्याला बरे वाटते, घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते, आणि बोट तिकडे जाते. तेथे थांबावे. ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन’ हेच बटण दाबावे; यंत्र जर्मनमध्येच बोलत असेल तर ‘ओने’ म्हणजे विना आणि ‘मिट’ म्हणजे सह, एवढे दोन शब्द मुलाकडून ओळखून घ्यावेत. नकार दिला म्हणजे व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते, ती निराधार आहे. काही यंत्रे ‘नक्की ना?’ असे पुन्हा एकदा विचारतात. पुन्हा नकार द्यावा. नोटा बाहेर येतात, आणि युरोचे रुपये करण्याचे काम यंत्राऐवजी कार्डाचे जाळे आणि आपली बँक करते.

फरक किती पडतो? मघाच्याच शंभराच्या दराने २०० युरो काढले असे समजा. नकार दिला तर २०,००० रुपये, त्यावर बँकेचा मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याबद्दल बँक दरावर चढवते तो आकार, साडेतीन टक्के धरला तर ७०० आणि त्या ७०० वर जीएसटीचे १२६, मिळून २०,८२६ रुपये, आणि पैसे काढण्याचे ठरावीक शुल्क. रुपयांचे बटण दाबले आणि यंत्राने दहा टक्के चढा दर लावला तर २२,००० रुपये, आणि ठरावीक शुल्क तर तेथेही लागतेच. वर काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपले वेगळे शुल्क लावतात. आपल्या बँकेचा मार्कअप किती आहे, तो शाखेत विचारून घ्यावा. फॉरेक्स कार्डात युरोच असल्याने त्याला हा मार्कअप लागत नाही, पण रुपयांच्या बटणाचा सापळा त्यालाही तितकाच लागू आहे. दुकानात कार्ड दिल्यावर छोट्या यंत्रावर ‘रुपये की युरो’ असे विचारले गेले, तर तेथेही उत्तर युरो हेच.

ठरावीक शुल्क दर खेपेला लागत असल्याने वीस-वीस युरो पाच वेळा काढण्यापेक्षा शंभर-दोनशे एकदम काढावेत. पावती टाकून देऊ नये. नोटा कमी आल्या किंवा आल्याच नाहीत आणि खात्यातून रक्कम गेली, तर तक्रारीला तीच लागते. प्रवासात सगळी रोकड एकाच ठिकाणी नसावी, आणि चेक-इन केलेल्या बॅगेत तर एक नोटही नसावी.

परतताना युरो उरले तर घाबरून शेवटच्या दिवशी विमानतळावर चॉकलेटे घेत सुटू नये. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या परकीय नोटा भारतात स्वतःजवळ ठेवता येतात. पुढच्या वर्षी पुन्हा जाणे होईलच. नाणी मात्र येथे कोणी बदलून घेत नाही, ती मुलाच्या घरी बरणीत ठेवून यावीत.

राहिल्या थोरल्या दिरांच्या पेटीतल्या नोटा. युरोच्या नोटा १ जानेवारी २००२ रोजी चलनात आल्या आणि मार्क व्यवहारातून गेला, त्यामुळे बेळगाव, मुंबई किंवा म्युनिक विमानतळावरची कोणतीही खिडकी त्या घेणार नाही, दुकानदारही घेणार नाही. पण जर्मनीची मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, मार्कच्या नोटा आणि नाणी आजही कोणत्याही मुदतीशिवाय आणि शुल्काशिवाय बदलून देते, आणि दरही ठरलेला आहे : १.९५५८३ मार्कला एक युरो. आपल्या २६० मार्कचे सुमारे १३३ युरो होतात. नोटा घडी न घालता पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवून हातातल्या पिशवीत न्याव्यात, म्युनिकमध्येच त्या बँकेची शाखा आहे, तिची वेळ मुलाला आधी पाहायला सांगावी आणि ओळखीसाठी पासपोर्ट सोबत ठेवावा. त्या खिडकीवर जायला माझी अजिबात हरकत नाही.